सत्तावन्न किलो आणि चांदीची गदा : वजनापलीकडचा श्रेष्ठ मल्ल कोण?

#थ्रेड

नवी मुंबईत वाशीच्या घाऊक बाजारात ओझे वाहणारे माथाडी मोठ्या संख्येने सातारा-सांगलीकडच्या गावांतून आलेले. त्यांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातले; १९६९चा माथाडी कायदा त्यांच्याच लढ्यातून आला. या बाजारात गोणीच्या वजनावरून वर्षानुवर्षे वाद झाले आहेत आणि ५० किलोंहून जड गोणी नको, ही माथाडींची मागणी जुनी आहे. पाटणला लागूनच कराड तालुका. त्या तालुक्यातल्या गोळेश्वर गावच्या एका मल्लाने १९५२ साली स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. ज्या गटात तो लढला त्याची मर्यादा होती ५७ किलो. म्हणजे एका गोणीहून जेमतेम सात किलो अधिक.

खाशाबा दादासाहेब जाधव हे नाव आज कोणालाही नवे नाही. तरीही महाराष्ट्राचा सर्वांत मोठा पैलवान कोण, हा वाद पारावर रंगला की नावे निघतात ती मारुती माने, गणपतराव आंदळकर, दादू चौगुले, हरिश्चंद्र बिराजदार, युवराज पाटील यांची. खाशाबांचा उल्लेख होतो, आदरानेही होतो. पण तो 'पहिले पदक' या खान्यात. 'सर्वांत मोठा पैलवान' या खान्यात त्यांना कोणी सहसा बसवत नाही. हे असे का झाले, ते समजून घ्यायला काही काळ तांबड्या मातीतून बाहेर पडून मुष्टियुद्धाच्या रिंगणात जावे लागेल. कारण हलक्या माणसाला जड माणसाशेजारी उभे करून मोजण्याचा खटाटोप सर्वांत चिकाटीने त्या खेळाने केला.

मुष्टियुद्धात आरंभी वजनगट नव्हतेच. जो उरला तो जिंकला. गटांची घडी बसली ती १९०९ साली, लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबने आठ वजनगट ठरवून दिले तेव्हा. ११२ पौंडांचा फ्लायवेट सर्वांत खाली, सर्वांत वर मर्यादाच नसलेला हेवीवेट. या व्यवस्थेने हलक्या खेळाडूला न्याय दिला, तसा एक अन्यायही केला. आठ विजेते निर्माण झाले, पण 'जगज्जेता' म्हणून लोकांच्या तोंडी राहिला तो हेवीवेटच. बाकीचे सात आपापल्या गटाचे राजे, संस्थानिकांसारखे.

त्यावर वृत्तपत्रांतील क्रीडालेखकांनी एक तोड काढली : 'पाउंड फॉर पाउंड'. सगळ्यांचे वजन सारखे धरले तर श्रेष्ठ कोण? बेनी लिओनार्डसारख्या हलक्या खेळाडूच्या वाट्याला हे विशेषण आधीच आले होते, पण ते कायमचे चिकटले शुगर रे रॉबिन्सनला. हेवीवेटच्या गादीवर जो लुईस असताना वेल्टरवेटचा रॉबिन्सन त्याहून सरस आहे असे म्हणायचे, तर दुसरा शब्दच नव्हता. 'द रिंग' या नियतकालिकाने २००२ साली मागील ८० वर्षांतील ८० श्रेष्ठ मुष्टियोद्ध्यांची यादी केली. तीत पहिला रॉबिन्सन, दुसरा हेन्री आर्मस्ट्राँग, आणि महंमद अली तिसरा. जगातील सर्वांत प्रसिद्ध हेवीवेटच्या वर दोन हलके खेळाडू बसले, ते केवळ या कल्पनेच्या बळावर.

आर्मस्ट्राँगचा दावा तर आकड्यांवरच उभा आहे. ऑक्टोबर १९३७ ते ऑगस्ट १९३८ या दहा महिन्यांत त्याने फेदरवेट, वेल्टरवेट आणि लाइटवेट ही तीन विजेतेपदे घेतली आणि ती एकाच वेळी धारण केली. एकूण गादी आठ असताना तीन एकट्याकडे! पुढे मॅनी पॅकियाओने आठ गटांत विजेतेपदे मिळवली. पण त्याच्या काळी व्यावसायिक गटांची संख्या दुपटीवर गेली होती आणि एकाच गटाला चार-चार संघटनांचे चार-चार विजेते होते. आकड्याची तुलना करताना हा फरक विसरला जातो.

वजनाचे बंधन खरोखर तोडून पाहण्याचा सर्वांत बोलका प्रसंग रॉबिन्सनचाच आहे. तारीख २५ जून १९५२, स्थळ न्यूयॉर्कचे यांकी स्टेडियम. मिडलवेटचा विजेता रॉबिन्सन वरच्या गटातील जोई मॅक्सिमशी लढायला उतरला. मॅक्सिमचे वजन सुमारे १५ पौंडांनी अधिक. त्या रात्री उष्मा इतका भयंकर होता की दहाव्या फेरीनंतर पंचालाच बाहेर न्यावे लागले आणि दुसरा पंच आणावा लागला. तिन्ही परीक्षकांच्या गुणपत्रिकांवर रॉबिन्सन पुढे होता. पण तेराव्या फेरीनंतर तो जागेवरून उठू शकला नाही. कौशल्याने जिंकत आलेली लढत देहाने हरवली. प्रत्येक फेरीत ते जास्तीचे पंधरा पौंड अंगावर झेलत राहिल्याची किंमत त्या उकाड्यात एकदम वसूल झाली.

या लढतीनंतर महिनाही उलटला नव्हता, तेव्हा हेलसिंकीत खाशाबा आखाड्यात उतरले. पण तिकडे वळण्यापूर्वी एका गणिताचा निकाल लावायला हवा.

'वजन सारखे धरले तर' हे म्हणणे सोपे, धरायचे कसे? भागाकार करून चालत नाही. स्नायूची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते आणि वजन घनफळावर. देह सर्व बाजूंनी वाढला की वजन ताकदीहून वेगाने वाढते. म्हणून लहान माणूस स्वतःच्या वजनाच्या हिशेबात नेहमीच अधिक बलवान ठरतो. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये नईम सुलेमानोग्लूने ६० किलो गटात १९० किलो डोक्यावर नेले. देहवजनाच्या तिपटीहून अधिक! सव्वाशे किलोंच्या माणसाने त्याच हिशेबात पावणेचारशे किलो उचलावे, ही अपेक्षाच निसर्गाविरुद्ध आहे. भारोत्तोलनाने त्यासाठी गुणकांची कोष्टके तयार केली. लोखंड स्थिर असते, तेव्हा तिथे कोष्टक चालते. समोर माणूस असेल तर कोणते कोष्टक लावणार?

आणि कोणते वजन धरायचे, हाही प्रश्न आहेच. काट्यावरचे वजन आणि आखाड्यातले वजन एक नसते. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमन सेहरावत याच ५७ किलो गटात उपांत्य लढत हरला, त्यानंतर त्याचे वजन साडेचार किलोंनी वर गेलेले होते. दुसऱ्या दिवशीच्या कांस्यपदकाच्या लढतीसाठी रात्रभर सराव, वाफ, धावणे करून पहाटे त्याने ते ५६.९ वर आणले आणि पदक जिंकले. त्याच स्पर्धेत ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोचलेल्या विनेश फोगाट १०० ग्रॅमने बाद झाल्या. गटाचे नाव ५७ किलो असते; त्या गटात लढणाऱ्या माणसाचे खरे वजन त्याचे त्यालाच ठाऊक.

तेव्हा 'पाउंड फॉर पाउंड' हे मोजमाप नव्हे. ती एक सहानुभूतीची रीत आहे. देहाने जे दिले नाही ते बाजूला ठेवून उरलेल्या माणसाकडे पाहायचे. मुष्टियुद्धाने ही रीत शोधली. मराठी कुस्तीने ती कधी शोधलीच नाही.

जत्रेतील कुस्त्यांचा क्रम पाहावा. सकाळी किंवा दुपारी फड लागतो तो पोरांच्या, रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी. मग नारळ, फेटा, दहा-वीस, शंभर, हजार असा इनाम चढत जातो आणि इनामाबरोबर मल्लांचा घेरही. दिवस कलता-कलता शेवटची, एक नंबरची कुस्ती लागते, ती सर्वांत जड जोडीची. पनवेल-उरणच्या गावजत्रांपासून कोल्हापूरपर्यंत हीच रीत. काटा नसतो, जोड लावणारे वस्ताद आणि पंच नजरेने तोलतात. खांदा, मान, मांडी पाहून 'जोड बसते' की नाही ते ठरते. ही नजर थोर असते आणि फारशी चुकत नाही. पण तिने लावलेल्या क्रमात हलका मल्ल कितीही चपळ असला तरी त्याची कुस्ती दुपारच्या उन्हातच संपते. गर्दी जमते ती संध्याकाळी.

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागचे मैदान उभारले, ते १९१२ साली पूर्ण झाले. रोमचे कलोसियम पाहून आलेल्या राजाने बांधलेल्या या मैदानात कुठेही बसले तरी कुस्ती दिसते. तालमींना राजाश्रय मिळाला, खुराक मिळाला, देशभरचे मल्ल कोल्हापुरात आले. या वैभवाचा आदर्श मल्ल धिप्पाड होता आणि ते स्वाभाविकच होते. तरी त्याच काळातला सर्वांत मोठा पुरावा उलटा आहे. १९१० साली लंडनला गेलेल्या गामा पैलवानांना उंची कमी म्हणून आधी स्पर्धेत घेतलेच नाही. मग स्टॅनिस्लॉस झिबिस्को या त्यांच्याहून बऱ्याच जड पोलिश मल्लाशी त्यांची लढत झाली. झिबिस्को अडीच तासांहून अधिक वेळ मातीला चिकटून राहिला, म्हणून बरोबरी. पुन्हा लढण्याच्या दिवशी तो आलाच नाही. १९२८ साली पतियाळात तो पुन्हा समोर आला, तेव्हा कुस्ती एक मिनिटही चालली नाही. अर्थात गामा काही हलके मल्ल नव्हते. बुटके आणि हलके यांतला फरक आखाड्यात फार मोठा असतो.

खाशाबा मात्र दोन्ही अर्थांनी लहान. जन्म १५ जानेवारी १९२६. वडील दादासाहेब स्वतः मल्ल. पुढे बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांची शिकवण. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातली एक हकीकत नेहमी सांगितली जाते : वार्षिक स्पर्धेत नाव द्यायला गेलेल्या या किरकोळ अंगाच्या मुलाला क्रीडाशिक्षकांनी परत पाठवले, प्राचार्य बाळासाहेब खर्डेकरांनी परवानगी दिली आणि त्याने आपल्याहून दणकट मल्ल पाडले. हकीकतीत कितीही भर पडली असली तरी तिचा गाभा खरा वाटतो, कारण पुढचे सारे आयुष्य त्याच धर्तीवर गेले. आधी अंगाकडे पाहून नकार, मग डाव.

त्यांचा डाव म्हणजे ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत आवळून, आपले अंग त्याच्याखाली वळवून त्याला कमरेवरून फेकायचे. यात उचलण्याची ताकद लागते तीहून वेळ साधण्याची अधिक. समोरचा पुढे रेटत असेल त्याच क्षणी वळले, तर त्याचा रेटाच त्याला घेऊन पडतो. ढाक मारणारा बुटका असेल तर उलट सोयीचे. त्याची कंबर आधीच खाली असते.

१९४८च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते गेले. आयुष्य लाल मातीत गेलेला मल्ल तिथे प्रथमच गादीवर, आंतरराष्ट्रीय नियमांनी लढला. फ्लायवेट, म्हणजे ५२ किलो गटात सहावा क्रमांक. रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाने त्यांना तिथे गादीवरच्या कुस्तीचे धडे दिले. चार वर्षांनी ते पाच किलो वरच्या गटात उतरले. आर्मस्ट्राँगच्या पराक्रमाशी याची तुलना करणे धाडसाचे होईल. पण वरच्या गटात जाऊन सहाव्याचा तिसरा होणे, तेही दोन ऑलिंपिकच्या मध्ये कोणताही परदेशी सराव नसताना, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

हेलसिंकीला जाण्याची कहाणी परिचित आहे, म्हणून थोडक्यात. निवडीच्या वेळी त्यांच्यावर अन्याय झाला. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली आणि पुन्हा लढत घेऊन ती जिंकली. पैशांसाठी गावाने वर्गणी काढली. खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावून ते कर्ज फेडले, हा भाग मात्र कमी सांगितला जातो आणि तो अधिक मोलाचा आहे.

हेलसिंकीत त्यांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला आणि मेक्सिकोच्या लिओनार्डो बासुर्तोला चीत केले, जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झला गुणांवर हरवले. जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव यांच्याकडून ते हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. दोन दमछाक करणाऱ्या लढतींमध्ये नियमाप्रमाणे विश्रांती मिळाली नाही आणि बाजू मांडायला भारतीय अधिकारी जागेवर नव्हता, असे सांगितले जाते. २३ जुलै १९५२. त्याच ऑलिंपिकमध्ये वरच्या, फेदरवेट गटात केशव माणगावे चौथे आले. त्यांचे नाव तर आज कुस्तीच्या जाणकारांनाही आठवावे लागते.

कराड स्थानकावरून शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. १९५५ साली ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. बढतीसाठी दीर्घकाळ थांबले. १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा.

खाशाबांच्या पदकानंतर नऊ वर्षांनी, १९६१ साली 'महाराष्ट्र केसरी' किताब सुरू झाला. पहिले मानकरी दिनकर दह्यारी. तेव्हापासून मराठी कुस्तीत श्रेष्ठत्वाचे चिन्ह एकच : चांदीची गदा. माती आणि गादी अशा दोन विभागांचे विजेते अखेरीस एकमेकांशी लढतात आणि जिंकतो त्याच्या खांद्यावर गदा येते. ही लढत जड गटाची. आजच्या नियमाने ८६ ते १२५ किलो. खालच्या गटांच्या स्पर्धा त्याच मैदानावर होतात, पदकेही मिळतात. गदा नाही. रेवड्यांपासून एक नंबरच्या कुस्तीपर्यंतचा जत्रेतला क्रम इथे नियमावलीत उतरला.

त्यामुळे मराठी मल्लांची वजनापलीकडची क्रमवारी लावायची, तर गदा मोजून चालणार नाही. मारुती माने आणि गणपतराव आंदळकर या दोघांनी १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पदके मिळवली. ते मोठेच, पण जड गटांतले. देहाने त्यांना जे दिले ते वजा केले तर किती उरते हे कळायला मार्ग नाही. नरसिंग यादव यांची गोष्ट वेगळी. २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षे त्यांनी गदा जिंकली. आणि त्यांचा आंतरराष्ट्रीय गट होता ७४ किलो. त्या गटात २०१०चे राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०१५च्या जागतिक स्पर्धेचे कांस्य त्यांच्या नावावर आहे. जड मल्लांच्या आखाड्यात वर चढून तीनदा जिंकणारा हा मल्ल रॉबिन्सनच्या वाटेवरचा. २०१६च्या उत्तेजक-चाचणी प्रकरणाने आणि चार वर्षांच्या बंदीने ती वाट तुटली. हिशेबात तेही येतेच.

आणि राहुल आवारे. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे, हरिश्चंद्र बिराजदारांच्या तालमीत घडलेले. २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण, खाशाबांच्याच गटात. २०१९च्या जागतिक स्पर्धेत कांस्य, पण ६१ किलो गटात; आणि तो गट ऑलिंपिकमध्ये नाही. जागतिक पदक ज्या वजनाला मिळाले त्या वजनाला ऑलिंपिकचे दार नाही, ज्या वजनाला दार आहे तिथे देशातच रवी दहियासारखा मल्ल उभा, आणि घरच्या गदेसाठी उतरायचे तर पंचवीस किलो कमी. मुष्टियुद्धात मेरी कोम यांनाही असाच पेच पडला होता : २०१२ साली स्त्रियांचे मुष्टियुद्ध ऑलिंपिकमध्ये आले तेव्हा सर्वांत खालचा गट ५१ किलोंचा होता, आणि त्यांची आधीची पाचही जागतिक विजेतेपदे ४८ वा त्याखालची. त्या वर चढल्या आणि कांस्य घेऊन आल्या.

क्रमवारी लावायचीच तर पहिले नाव खाशाबांचे लागते. दुसऱ्या जागेसाठी आवारे आणि यादव यांच्यात वाद घालता येईल, माने-आंदळकरांचे पाठीराखे संतापतील, आणि तो संताप अगदीच निराधार नसेल, कारण खुल्या मैदानात समोरासमोर लागली असती तर निकाल काय लागला असता हे सर्वांना ठाऊक आहे. पण प्रश्न तो नाही. प्रश्न असा की जगातील सर्वोत्तम मल्लांसमोर, आपल्याच वजनाच्या माणसांत, सर्वांत तुटपुंज्या साधनांनिशी सर्वांत वर कोण पोचले. त्या उत्तराला दुसरा दावेदार सध्या तरी दिसत नाही.

दिल्लीत इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला खाशाबांचे नाव आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून जाहीर केला. महाराष्ट्र केसरीच्या आखाड्यात उतरायला मात्र त्यांना २९ किलो कमी पडले असते.